अकरा फुटांवरून ब्लू-रे

प्लेयर बदलायचा का, हा प्रश्न आमच्या घरात टीव्हीच्या मागोमाग आला. २०१० च्या दिवाळीत २९ इंची जुना डबा गेला आणि हॉलच्या भिंतीवर ४२ इंची फुल एचडी एलसीडी लागला. होम थिएटर आधीपासून होतंच. पाच स्पीकर, एक सबवूफर, सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा, एका माणसाला धड न उचलवणारा रिसीव्हर आणि त्याला जोडलेला डीव्हीडी प्लेयर. टीव्ही बसवणारी पोरं गेल्यावर लगेच एक सिनेमा लावला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. एवढे पैसे मोजून चित्र आधीपेक्षा पुसट! हिरॉइनच्या गालावर धुकं, आणि पाट्यांवरची अक्षरं विरघळलेली.

कारण सरळ होतं. आपल्याकडच्या पाल (PAL, आपली टीव्ही-चित्राची पद्धत) डीव्हीडीत चित्राचे ठिपके ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर. नव्या टीव्हीचे १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त. मधले सोळा लाख कुणीतरी अंदाजाने भरायचे. टीव्ही भरो नाहीतर एचडीएमआय असलेला नवा डीव्हीडी प्लेयर भरो, जे डिस्कमध्ये नाही ते कुठून आणणार? जुन्या डब्यात हे सगळं झाकून जात होतं. दुकानदाराला फोन केला तर त्याचं उत्तर तयारच होतं, "भाऊ, टीव्ही एचडी घेतला ना, मग प्लेयर पण एचडीच लागेल. ब्लू-रे घेऊन टाका."

एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. त्या संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीला नाक लावून उभे होतो.

ब्लू-रेबद्दल मी आधीपासून वाचत होतो. २००६ मध्ये एचडी डिस्कचे दोन प्रकार एकाच सुमारास बाजारात आले होते. सोनी आणि मंडळींची ब्लू-रे, एका थरात २५ जीबी आणि दोन थरांत ५०. तोशिबाची एचडी डीव्हीडी, १५ आणि ३०. दोन्हींत ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर, साध्या डीव्हीडीत ६५० चा तांबडा. लहरलांबी कमी म्हणून ठिपका बारीक, ठिपका बारीक म्हणून तेवढ्याच जागेत मजकूर जास्त. पण एका प्रकारची डिस्क दुसऱ्या प्रकारच्या प्लेयरमध्ये चालायची नाही, आणि स्टुडिओही वाटले गेलेले. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू धरली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने गाशा गुंडाळला. जळगावात या भांडणाची झळ कुणाला लागल्याचं ऐकलं नाही. ३४ रुपयांना मोझर बेअरची डीव्हीडी मिळत होती, कोण कशाला हजार रुपयांची डिस्क घेतंय! मी मात्र भांडण मिटेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. आता ते मिटलेलं होतं, त्यामुळे न घेण्याचं कारण नव्याने शोधावं लागणार होतं.

ते कारण बायकोच्या शिवणाच्या टेपने दिलं.

डोळ्याचं एक गणित आहे. धडधाकट नजरेला साधारण एक आर्क मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारीक फरक वेगळा दिसतो. एक मीटरवरून पाहिलं तर हे होतात ०.२९ मिलिमीटर. आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. टीव्हीपासून सोफ्यावरच्या डोळ्यांपर्यंत टेप लावला तर अकरा फूट, म्हणजे साधारण ३.३५ मीटर. इथून डोळ्याला वेगळी कळणारी सगळ्यात बारीक रेघ जवळजवळ एक मिलिमीटरची. आता टीव्हीकडे बघा. ४२ इंची पडद्याची उंची ५२ सेंटिमीटर. त्यात डीव्हीडीच्या ५७६ ओळी बसवल्या की एक ओळ ०.९ मिलिमीटरची, आणि ब्लू-रेच्या १०८० बसवल्या की अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. म्हणजे अकरा फुटांवरून डीव्हीडीचीच ओळ डोळ्याच्या हद्दीपलीकडे गेलेली. ब्लू-रेच्या ओळी दुप्पट असल्या तरी त्या पाहणार कोण? ब्लू-रेचा पूर्ण हिशेब वसूल करायचा तर साडेपाच फुटांवर बसायला हवं. आमच्याकडे साडेपाच फुटांवर टीपॉय असतो आणि त्यावर आप्पांचा पानाचा डबा.

कागदावरचं गणित वेगळं आणि डोळा वेगळा, हे मान्य. डीव्हीडीचं चित्र फार दाबलेलं असतं, हलत्या कडांभोवती मुंग्या आल्यासारखं होतं, आणि ते लांबूनही कधीकधी खुपतं. म्हणून दुकानात जाऊन पाहायचं ठरवलं. घरून एका हिंदी सिनेमाची डीव्हीडी बरोबर घेतली, कारण त्याच सिनेमाची ब्लू-रे दुकानात असल्याची चौकशी करून ठेवली होती. आप्पाही निघाले. त्यांना गोलाणी मार्केटकडे काहीतरी काम होतं.

दुकानात ब्लू-रे दाखवायची तेव्हा एक ठरलेली पद्धत असायची. कंपनीची डेमो डिस्क चालू, पाण्यातले मासे, रंगीत पोपट, आणि टीव्हीचा उजेड असा वाढवलेला की घरी लावला तर डोळे दिपावेत. गिऱ्हाईक उभं तीन फुटांवर. या परिस्थितीत कुठलाही प्लेयर विकला जाईल. मी दुकानातल्या पोराला म्हटलं, ही डेमो काढ, ४२ इंचीचेच दोन टीव्ही शेजारी घे, दोन्हींचा रंग-उजेड सारखा कर, एकावर माझी डीव्हीडी लाव आणि दुसऱ्यावर तोच सिनेमा ब्लू-रेवर. तो कंटाळला, पण मालक ओळखीचा होता.

चार फुटांवरून फरक डोळ्यात भरण्यासारखा होता, उगाच नाही म्हणणार नाही. लग्नाच्या प्रसंगात नवरीच्या शालूची जर ब्लू-रेवर धाग्याधाग्याने दिसत होती. डीव्हीडीवर ती नुसती पिवळी पट्टी. मागच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबरसुद्धा वाचता येत होता. मग मी पावलं मोजत मागे सरकलो, मिक्सरच्या रॅकपर्यंत. जरीचे धागे पुन्हा पिवळी पट्टी झाले, दोन्हींकडे. रंग ब्लू-रेचे जरा भरीव वाटत होते, पण कुठला कुठला ते माहीत होतं म्हणून तसं वाटत असेल. आप्पांना विचारलं. ते अमळनेरकडचे, घरच्यांशी अहिराणीतच बोलतात. म्हणाले, "दोन्ही सारखाच दिखतस."

माझ्या मते विषय तिथे संपला होता. तेवढ्यात गाणं लागलं.

इथे आप्पांच्या पेटीबद्दल सांगायला हवं. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि घरी रिकाम्या वेळी सिनेमातल्या गाण्यांना साथ करत बसतात. या सिनेमातल्या एका गाण्यावरून त्यांची कायमची कटकट होती. ऑडिओ सीडीवर तेच गाणं काळी एकमध्ये चपखल बसतं, आणि डीव्हीडी लावली की कुठेच बसत नाही. काळी एकला धरलं तर गाणं वर, तिच्या लगतच्या पांढरी दोनला धरलं तर खाली. "हाई गानं पट्टीमा बसतच नही," म्हणून त्यांनी पेटी उतरलीय समजून ती दुरुस्तीलाही दिली होती. कारागिराने पेटी सुरात आहे म्हणून परत पाठवली.

दुकानात मालकाने डीव्हीडीचा आवाज बंद ठेवून ब्लू-रेचा मोठा केला. आप्पा मिक्सरच्या रॅकला टेकून गुणगुणत होते. अंतऱ्यापर्यंत गेले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हाई बराबर शे." मग आवाज बदलायला लावला. डीव्हीडीवर गाणं चढलं. पुन्हा ब्लू-रे, पुन्हा खाली. त्या पोराला काहीच कळेना. मलाही फरक स्पष्ट ऐकू आला असं म्हणता येणार नाही. एकामागून एक ऐकलं तेव्हा गायिकेचा आवाज डीव्हीडीवर किंचित कोवळा वाटला, एवढंच.

घरी येऊन डीव्हीडीचं वेष्टन उलटं केलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात पाल. मग उलगडा झाला. सिनेमा चित्रित होतो सेकंदाला २४ चौकटींनी. पाल पद्धतीत सेकंदाला २५ लागतात. पालची डीव्हीडी बनवताना सहसा सगळा सिनेमाच थोडा पळवतात, चोवीसच्या जागी पंचवीस. चित्रात ते कळत नाही. पण १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत उरकतो, आणि त्याबरोबर आवाज चार टक्क्यांनी चढतो. एका पट्टीचं अंतर सहा टक्क्यांच्या जवळपास असतं. म्हणून गाणं काळी एक सोडतं आणि पांढरी दोनपर्यंत पोचत नाही. आप्पांचं बोट जिथे जाऊ बघत होतं तिथे पेटीला पट्टीच नाही. ब्लू-रेवर सिनेमा २४ चौकटींनीच साठवता येतो, त्यामुळे तो मूळ वेगाने चालतो.

मग घरातल्या डीव्हीड्यांचा खोका काढून पाठीमागची अक्षरं वाचत बसलो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या हिंदी डीव्हीड्यांत काही पाल असतात, काही एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीच्या. एनटीएससीत सिनेमा पळवत नाहीत, चौकटी ठरावीक क्रमाने दोनदा-तीनदा दाखवून वेळ भरतात. त्यामुळे वेग शाबूत राहतो, कॅमेरा संथ फिरताना चित्र जरा अडखळतं इतकंच. आप्पांना मी काही न सांगता दोन्ही प्रकारच्या डिस्क आलटून पालटून लावल्या. पेटी घेऊन बसले आणि प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. टीव्हीवर लागणाऱ्या सिनेमांबद्दलही त्यांची हीच तक्रार होती. पाल देशांत प्रक्षेपणालाही हीच चाल वापरतात, त्यामुळे त्याचाही निकाल लागला.

तर चित्रासाठी ब्लू-रे नको, असं टेप म्हणत होता, आणि गाण्यासाठी हवी, असं पेटी म्हणत होती. उरला होम थिएटरचा खरा मुद्दा, आवाजाचा दर्जा.

ब्लू-रेवर डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असे काहीही न गाळलेले आवाज येतात. ते अख्खेच्या अख्खे रिसीव्हरपर्यंत न्यायचे तर एचडीएमआय लागतं. आमच्या रिसीव्हरला ते नव्हतं, होती ती ऑप्टिकल या जुन्या डिजिटल वायरीची आणि मागे सहा साध्या वायरींची जागा. दुकानदाराने लगेच नव्या रिसीव्हरचं पत्रक पुढे केलं. दुसरा रस्ता, प्लेयरच आतल्या आत आवाज उलगडेल आणि सहा वायरींतून देईल, असा महाग प्लेयर घ्यायचा. तोही साध्या प्लेयरच्या दुपटीहून वर जात होता.

मी दोन्ही नाकारले, आणि त्याचं मुख्य कारण आमचा कूलर. जळगावचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. मार्चच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत हॉलच्या खिडकीत पत्र्याचा कूलर घरघरतो, आणि पारा ४५ च्या आसपास असताना तो बंद करून सिनेमा बघेल असा माणूस आमच्या घरात नाही. न गाळलेल्या आवाजाची मजा असते ती बारीक जागांमध्ये, पायऱ्यांवरच्या पावलांत, दोन वाक्यांमधल्या श्वासात. कूलरपुढे त्यातलं काय टिकणार? त्यातच मे महिन्यात रिसीव्हर स्वतःच तापून बंद पडतो, त्याच्यावर वेगळा टेबलफॅन लावावा लागतो, तो आवाज आणखी निराळा.

शिवाय जुन्या ऑप्टिकलमधूनही फायदा होणारच होता. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त सेकंदाला ४४८ किलोबिटांपर्यंत. ब्लू-रेवर ते ६४० पर्यंत जातं, आणि डीटीएस-एचडीच्या पोटात जुन्या रिसीव्हरला कळणारं साधं डीटीएस असतं, ते १५०९ पर्यंत. म्हणजे रिसीव्हर न बदलता आवाज सुधारतो. हे मला कुठल्याही विक्रेत्याने सांगितलं नाही, आणि का नाही ते उघड आहे.

मध्येच न्यू जर्सीच्या चुलतभावाचा फोन आला की तिकडे प्लेयर फार स्वस्त झालेत, येताना बॅगेत टाकून आणतो. ऐकायला गोड वाटतं. पण ब्लू-रेला विभाग असतात. अमेरिका ए मध्ये, आपण सी मध्ये. तिकडचा प्लेयर इथली विभाग लावलेली डिस्क घेणार नाही. डीव्हीडीचे विभाग आणखी वेगळे, तिथे आपला पाचवा आणि अमेरिकेचा पहिला. त्यात तिकडचे बरेच प्लेयर पाल डिस्क दाखवतच नाहीत, आणि वीज तिकडे १२० व्होल्टची. म्हणजे आधी ट्रान्सफॉर्मर घ्या, मग पाल डिस्कसाठी जुना प्लेयर शेजारी ठेवा. भावाला म्हटलं, तू बदाम-पिस्ते आण.

घरातल्या सगळ्या डिस्क काढून ठेवल्या होत्याच, तर त्यांचाही हिशेब केला. निम्म्याच्या वर मराठी सिनेमे, आणि त्यातला एकही त्या दुकानात ब्लू-रेवर नव्हता. खालच्या थरात व्हीसीड्या होत्या, मालेगावात बनलेल्या खान्देशी कॉमेड्या आणि अहिराणी लग्नगीतं. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८, एका लाखाच्या थोडं वर ठिपके. पाव्हणे जमले की घरात सगळ्यात जास्त त्याच लागतात, आणि त्यांत कुणाला ठिपके मोजायचे नसतात. काही ब्लू-रे प्लेयर व्हीसीडी घेतच नाहीत, म्हणून ती एक अट पक्की केली. घरची व्हीसीडी दुकानात नेऊन आधी चालवून पाहायची, मगच पैसे द्यायचे.

बायकोचं म्हणणं होतं की त्यापेक्षा एचडीचा सेट-टॉप बॉक्स घ्या, त्याच वर्षी ते आलेत, निदान रोज कामी येईल. म्हणणं चुकीचं नव्हतं. प्लेयर महिन्यातून चार-सहा वेळा लागणार, मालिका रोज. पण मालिका बघताना ती स्वयंपाकघरातून बघते, म्हणजे अंतर पंधरा फूट. टेप दाखवल्यावर तीच हसली.

शेवटी घेतला तो सगळ्यात साधा ब्लू-रे प्लेयर. ऑप्टिकल असलेला, व्हीसीडी घेणारा, बारा हजारांच्या आसपासचा. रिसीव्हर तोच, स्पीकर तेच. सोफा हलवला नाही. पुढे घेतला तर स्वयंपाकघराची वाट अडते आणि मागे राहिलेल्या फटीत धूळ साचते. त्याऐवजी सिनेमाच्या दिवशी टीपॉय बाजूला करून सात फुटांवर वेताच्या खुर्च्या ठेवायच्या असं ठरलं. सात फुटांवरून डोळ्याची हद्द ०.६ मिलिमीटर येते. ब्लू-रेचा पुष्कळसा तपशील तिथून मिळतो. शालूचे ते जरीचे धागे तिथून धागे म्हणून दिसतात. असलेली एकही डीव्हीडी पुन्हा ब्लू-रेवर घ्यायची नाही, अपवाद फक्त पाल असलेल्या आणि आप्पांना पेटीवर हव्या असलेल्या सिनेमांचा. ही यादी त्यांनी स्वतः करून दिली, आणि ती आखूड निघाली, कारण त्यांच्या आवडीचे बहुतेक सिनेमे ब्लू-रेवर आलेलेच नव्हते.

एक त्रास मात्र दुकानात कुणी बोलला नव्हता. काही महिन्यांनी आणलेली एक नवीकोरी डिस्क प्लेयरने घेतलीच नाही. ब्लू-रेवर नक्कल रोखण्यासाठी जे कुलूप असतं त्याच्या किल्ल्या कंपन्या मधूनमधून बदलतात, आणि प्लेयरचं सॉफ्टवेअर नवं केल्याशिवाय नवी डिस्क उघडत नाही. ते पेन ड्राइव्हवर उतरवून प्लेयरमध्ये घालायचं आणि काम चालू असताना वीज जाता कामा नये. गेली तर प्लेयर मेलाच समजा. आता ते दिवस भारनियमनाचे. वेळापत्रक छापील, आणि वीज वेळापत्रकाबाहेरही जायची. मी प्लेयर उचलून बेडरूममध्ये इन्व्हर्टरच्या प्लगवर नेला, टीव्हीऐवजी मुलाच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर लावला आणि वीज नुकतीच आली असताना काम उरकलं. पडद्यावरची टक्केवारी ९४ वर बराच वेळ अडून बसली होती. तेवढ्या वेळात मुलाने घरातला कुठलाही स्विच कुणी दाबू नये म्हणून दारात पहारा दिला.

हा प्लेयर अजून चालतो. आता धुळ्याच्या मेहुण्याने ५५ इंची फोर-के टीव्ही घेतलाय आणि फोर-के ब्लू-रे प्लेयर घेऊ का म्हणून तो मला विचारतो. त्याला मी आधी टेप लावायला सांगितलं. दहा फूट. तिथून डोळ्याची हद्द ०.९ मिलिमीटर, आणि त्याच्या पडद्यावर साध्या ब्लू-रेचीच ओळ ०.६ ची. फोर-केच्या जास्तीच्या ओळी त्या सोफ्यावरून वायाच जाणार. एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवलेल्या चित्राचा, उजेड आणि रंग मात्र लांबूनही कळतात, ती गोष्ट वेगळी, पण त्यासाठी टीव्ही तेवढा उजळणारा हवा आणि त्याचा तसा नाही. फोर-के डिस्कचा वेग सेकंदाला १२८ मेगाबिटांपर्यंत जातो, ओटीटीवरचं फोर-के साधारण पंधराच्या घरात असतं, म्हणजे दर्जा डिस्कचाच वरचा, यात वाद नाही. पण बनवणारेच निघून चाललेत. २०१८ मध्ये ओप्पोने हे काम थांबवलं, २०१९ मध्ये सॅमसंगने, २०२४ मध्ये एलजीने. उद्या लेन्स गेली तर धुळ्यात ती कोण बदलून देणार?

मी त्याला प्लेयर राहू दे आणि त्या पैशांत मागचे दोन स्पीकर घे म्हणून सांगितलंय. त्याने ऐकलेलं दिसत नाही, कारण परवा त्याने न्यू जर्सीला परस्पर फोन लावला. फोर-के डिस्कला विभाग नसतात, तेवढी एक भानगड कमी. साध्या ब्लू-रे आणि डीव्हीडीला मात्र त्या प्लेयरमध्येही विभाग लागू राहतात, म्हणून जुना प्लेयर विकू नको असं बजावलंय, आणि बॅगेत टाकण्याआधी मागच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का तेही बघून घ्यायला सांगितलंय.